पुन्हा परीक्षेला बसावे काय?

व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी राज्यात जी सामाईक प्रवेशपरीक्षा घेतली जाते, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली एमबीए सीईटी, ती २०२६-२७ या शैक्षणिक वर्षाच्या प्रवेशांसाठी दोनदा घेण्याचा निर्णय उच्च व तंत्रशिक्षण मंत्री चंद्रकांत पाटील यांनी २०२५ मध्ये जाहीर केला. पहिली परीक्षा एप्रिलमध्ये, दुसरी मे महिन्यात. पहिली आवश्यक, दुसरी ऐच्छिक. आणि दोहोंपैकी जिच्यात यश अधिक ती प्रवेशासाठी ग्राह्य, असे या योजनेचे स्वरूप सांगण्यात आले. ऐन परीक्षेच्या दिवशी आलेला ताप, बंद पडलेला संगणक किंवा घरातील एखादा आघात यांपायी विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाऊ नये, हा या निर्णयामागील हेतू रास्त आहे. त्याचे स्वागत करण्यास कोणाचीही हरकत असू नये. तथापि पदवी पदरात पडलेल्या हजारो तरुणांच्या घरी दरवर्षी जो प्रश्न उभा राहतो, तो या निर्णयाने सुटत नाही. मिळतो तो प्रवेश घ्यावा, की आणखी एक प्रयत्न करून पाहावा? परीक्षा दोनदा झाली तरी हा प्रश्न शिल्लकच राहतो. किंबहुना तो एप्रिलमध्ये एकदा आणि जूनमध्ये पुन्हा एकदा पडेल, एवढाच काय तो फरक.

नागपूरच्या मनीषनगरात या प्रश्नाला विशेष धार आहे. भारतीय व्यवस्थापन संस्था, म्हणजे आयआयएम, नागपुरात २०१५ मध्ये सुरू झाली. आरंभी ती विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेच्या आवारात होती. मे २०२२ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते मिहान परिसरातील तिच्या कायम वास्तूचे उद्घाटन झाले. मनीषनगरहून वर्धा मार्गाने खापरीकडे निघाले की ही संस्था काही किलोमीटरांच्या अंतरावर येते. त्याच वाटेवर मिहानमधील संगणक कंपन्यांची कार्यालये आहेत आणि त्या कार्यालयांत काम करणारी कितीतरी तरुण मंडळी मनीषनगर, बेसा, सोमलवाडा या वस्त्यांत राहतात. वडील बँकेत, रेल्वेत, शाळेत किंवा एखाद्या सरकारी कार्यालयात. कर्ज काढून घेतलेली सदनिका. मुलगा अभियंता किंवा मुलगी वाणिज्य पदवीधर. अशा घरात आयआयएम ही दूरच्या अहमदाबादची किंवा कलकत्त्याची गोष्ट उरलेली नाही. परंतु जवळ असणे निराळे आणि आवाक्यात असणे निराळे. नागपूरच्या संस्थेत नागपूरकरांसाठी राखीव जागा नाहीत. तेथील प्रवेशासाठी मनीषनगरच्या मुलालाही त्याच अखिल भारतीय रांगेत उभे राहावे लागते, ज्या रांगेत पाटण्याचा आणि कोचीचा मुलगा उभा आहे.

आकड्याचा अर्थ

ती रांग केवढी, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. नोव्हेंबर २०२४ मध्ये झालेल्या कॅट परीक्षेला सुमारे २ लाख ९३ हजार विद्यार्थी बसले. या परीक्षेचा निकाल टक्क्यांत नव्हे, तर पर्सेंटाइलमध्ये लागतो. आपल्याकडील पालक या दोहोंत अजूनही गल्लत करतात. ९० पर्सेंटाइल याचा अर्थ शंभरपैकी नव्वद गुण असा नाही. शंभर परीक्षार्थींपैकी सुमारे नव्वद आपल्या मागे आहेत, असा त्याचा अर्थ. ऐकायला हे भूषणावह वाटते. पण २ लाख ९३ हजारांच्या परीक्षेत ९० पर्सेंटाइल मिळविणाऱ्याच्या पुढे सुमारे २९ हजार जण उभे असतात. ९५ वर आल्यास पुढे साडेचौदा हजारांवर आणि ९९ वर आल्यास जवळजवळ तीन हजार. म्हणजे ९० वरून ९५ वर जाणे याचा अर्थ पाच पायऱ्या चढणे असा नसून साडेचौदा हजार माणसांना मागे टाकणे असा आहे. तेही ती माणसे स्वस्थ बसलेली नसताना. कारण त्यांच्यापैकीही पुष्कळजण पुन्हा बसणार असतात.

पुन्हा परीक्षा देण्याच्या निर्णयातील मूळ अडचण येथे आहे. शाळेच्या परीक्षेत अभ्यास वाढविला की गुण वाढतात, शेजारच्या मुलाने काय केले याच्याशी त्याचा संबंध नसतो. प्रवेशपरीक्षेत तसे नाही. तेथे आपली प्रगती इतरांच्या प्रगतीच्या मानाने मोजली जाते. सर्वांनीच वर्षभर अधिक अभ्यास केला, तर सर्वांचेच ज्ञान वाढेल, पण कोणाचाही क्रम हलणार नाही. ‘यंदा ९० आले, आणखी वर्षभर घासले तर ९८ सहज येतील,’ हे वाक्य म्हणूनच तपासून घेतले पाहिजे. ते बोलणाऱ्याने प्रतिस्पर्धी स्थिर धरलेले असतात.

परीक्षा तितके नियम

शिवाय ‘पुन्हा परीक्षा देणे’ ही सर्वत्र एकच गोष्ट नाही. प्रत्येक परीक्षेचा नियम वेगळा असून त्यानुसार या निर्णयाचे मोलही बदलते. परदेशी विद्यापीठांसाठी आणि भारतातील काही मोजक्या संस्थांसाठी दिली जाणारी जीमॅट परीक्षा बारा महिन्यांत पाच वेळा देता येते आणि तिचे गुण पाच वर्षे ग्राह्य असतात. तेथे पुन्हा बसणाऱ्याचे पैसे जातात, पण हातातले गुण जात नाहीत. राज्याच्या सीईटीच्या नव्या योजनेतही दोहोंपैकी सरस यश धरले जाणार असल्याने दुसऱ्या प्रयत्नात घसरण झाली तरी नुकसान नाही. कॅटचे मात्र तसे नाही. ती वर्षातून एकदाच होते आणि तिचे गुण पुढील वर्षाच्या प्रवेशांपुरतेच चालतात. यंदा ९४ आले, ते सोडून दिले आणि पुढल्या वर्षी ९१ आले, तर ९४ चा आधार उरत नाही. जो विद्यार्थी हातातील प्रवेश नाकारून कॅटला पुन्हा बसतो, तो मागचा पूल तोडून पुढे निघालेला असतो.

याहून महत्त्वाचा भेद परीक्षेनंतरच्या निवडीत आहे. राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत गुणवत्ता यादी मुख्यतः प्रवेशपरीक्षेच्या पर्सेंटाइलवरच लागते. मुलाखतीला तेथे स्थान नाही. साहजिकच सीईटीतील सुधारणा थेट महाविद्यालयात उतरते. मुंबईची जमनालाल बजाज संस्था मिळणार की जिल्ह्यातील एखादे नवखे महाविद्यालय, हे त्या एका आकड्यावर ठरते. आयआयएमची निवड अशी एककल्ली नाही. मुलाखतीला कोणास बोलवावे हे ठरविताना अनेक आयआयएम कॅटबरोबरच दहावीचे, बारावीचे व पदवीचे गुण, तसेच नोकरीचा अनुभव यांनाही वजन देतात; आणि अंतिम निवडीत मुलाखतीचा वाटा मोठा असतो. ज्याला दहावीत ६५ टक्के मिळाले आहेत, त्याचे ते ६५ टक्के कॅट कितीदाही दिली तरी ६५ च राहणार. अशा विद्यार्थ्याची अडचण कॅटच्या आकड्यात आहे की त्या जुन्या गुणपत्रिकेत, हे पाहिल्याशिवाय त्याला ‘पुन्हा बस’ असा सल्ला देणे म्हणजे दुखणे पोटात असताना पायाला पट्टी बांधण्यासारखे आहे.

परीक्षांच्या स्वभावातही अंतर आहे. राज्याच्या सीईटीत २०२५ पर्यंत दीडशे मिनिटांत २०० प्रश्न सोडवावे लागत आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नसत. म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. ही मुख्यतः गतीची परीक्षा आहे आणि गती सरावाने वाढते. कॅट २०२४ मध्ये १२० मिनिटांत ६८ प्रश्न होते. बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकल्यास एक गुण वजा होत होता. भाषा, तर्क आणि गणित या प्रत्येक भागाला चाळीस मिनिटांची स्वतंत्र मर्यादा होती. कोणता प्रश्न सोडवावा यापेक्षा कोणता सोडून द्यावा, याची पारख तेथे अधिक लागते. इंग्रजी गद्याचे आकलन हा तिचा एक मोठा भाग आहे. ज्याने शाळेपासून पाठ्यपुस्तकाखेरीज काही वाचले नाही, त्याचे वाचन सहा महिन्यांच्या शिकवणीने पालटत नाही. सरावाने काय वाढते आणि काय वाढत नाही, हा विवेक या निर्णयात सर्वांत अधिक उपयोगी पडावा.

वर्षाची किंमत

परंतु गुणांचा हिशेब हा या प्रश्नाचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा भाग घराच्या जमाखर्चाचा आहे आणि त्याविषयी आपल्याकडे पुरेसे बोलले जात नाही. ‘एक वर्षच तर जाईल,’ असे म्हणण्याची प्रथा आहे. हे वर्ष सर्वांचे सारखे जात नाही. महिना तीस हजारांची नोकरी मिळू शकणाऱ्या तरुणाने वर्षभर घरी बसून अभ्यास केला, तर शिकवणीचे शुल्क धरण्यापूर्वीच ३ लाख ६० हजार रुपये बुडालेले असतात. व्यापाऱ्याच्या घरात ही रक्कम विस्मरणात जाते. ज्या कारकुनाच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत आणि सदनिकेचे हप्ते अजून संपावयाचे आहेत, त्याच्या घरात ती रोज आठवते. ती आठवण मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावरही येऊन बसते.

मुलींच्या बाबतीत हे वर्ष आणखी महाग पडते. मुलाला दुसरा प्रयत्न करू देणारे अनेक सुशिक्षित पालक मुलीच्या बाबतीत तो ‘वाया गेलेला काळ’ मानतात आणि स्थळे पाहण्यास आरंभ करतात. दुसरी संधी नियमात असली तरी ती घरात असतेच असे नाही. समान गुण मिळालेल्या भाऊ-बहिणींपैकी कोण पुन्हा परीक्षेला बसतो, याची पाहणी आपापल्या नात्यागोत्यात कोणीही करून पाहावी. उत्तर फारसे वेगवेगळे येणार नाही.

यावर मिहानच्या परिसरातील पुष्कळ तरुणांनी स्वतःच एक मध्यम मार्ग शोधला आहे. ते नोकरी धरतात आणि पहाटे किंवा रात्री अभ्यास करून परीक्षा देतात. हा मार्ग कष्टाचा आहे; पण त्यात वर्ष बुडत नाही, उलट अनेक संस्थांच्या निवडीत अनुभवाचे वजन मिळते आणि मुलाखतीत ‘या वर्षी आपण काय केलेत?’ या प्रश्नाला उत्तर असते. व्यवस्थापनाचे शिक्षण हे मुळात काम करणाऱ्या माणसांसाठी अधिक अर्थपूर्ण असते. ज्याने कचेरीत वरिष्ठाची तऱ्हा, ग्राहकाचा संताप आणि महिनाअखेरची ओढाताण पाहिली आहे, त्याला त्या वर्गात अधिक उमगते. केवळ परीक्षेसाठी कोरे ठेवलेले वर्ष आणि नोकरीसह काढलेले वर्ष यांत निवड असेल, तर दुसऱ्याकडे कल असणे व्यवहाराचे ठरेल.

दोन परीक्षांचा लाभ कोणास?

या पार्श्वभूमीवर राज्याच्या नव्या निर्णयाकडे पाहिले पाहिजे. वर्षाऐवजी महिन्याभरात दुसरी संधी मिळाल्याने वर्षाची किंमत मोजण्याची वेळ काही जणांवर तरी येणार नाही, हा त्याचा खरा लाभ. अभियांत्रिकीच्या जेईई मेन परीक्षेत २०१९ पासून दोन प्रयत्न दिले जातात, त्यामुळे ही कल्पना देशाला नवी नाही. परीक्षेच्या यंत्रणेत बिघाड होणेही नवे नाही. २००३ च्या कॅटची प्रश्नपत्रिका फुटल्याने ती रद्द करून फेब्रुवारी २००४ मध्ये सर्वांची फेरपरीक्षा घ्यावी लागली होती. मार्च २०२३ मधील आपल्या एमबीए सीईटीत काही केंद्रांवर तांत्रिक अडचणी आल्याने बाधित विद्यार्थ्यांसाठी नंतर पुन्हा परीक्षा घेण्यात आली. असे प्रसंग आले की फेरपरीक्षा हा हक्क की उपकार, असा वाद माजतो. नियमानेच दुसरी संधी ठेवली तर हा वाद बराचसा मिटेल.

तरीही दोन शंका उरतात. पहिली अशी की, दुसरी परीक्षा कागदावर ऐच्छिक असली तरी व्यवहारात ती सक्तीची होईल. नुकसान काहीच नाही म्हटल्यावर साधन असलेला प्रत्येकजण ती देणार. मग जो देत नाही, तो आपोआप मागे पडणार. शिकवणी वर्गांना दोन परीक्षांमधील महिना म्हणजे नवा हंगामच. धरमपेठेतील फलक बदलण्यास वेळ लागणार नाही. लांबच्या तालुक्यातून परीक्षाकेंद्रावर येणाऱ्या, किंवा रजा न मिळणाऱ्या उमेदवाराला मात्र ही संधी अर्धीच पोचेल. दुसरी शंका मोजमापाची. पहिल्या परीक्षेत समाधान झालेले विद्यार्थी दुसरीला येणार नाहीत, आणि जे येतील ते एकदा सराव झालेले असतील. या दोन निरनिराळ्या समूहांतील ९५ पर्सेंटाइल समान कसे धरावयाचे? जो एकदाच बसला त्याचा एक आकडा आणि जो दोनदा बसला त्याचा दोहोंतील मोठा आकडा, यांची तुलना न्याय्य कशी ठरवावयाची? यंत्रणेपाशी या प्रश्नांची शास्त्रीय उत्तरे असतील, तर ती परीक्षेपूर्वीच सोप्या मराठीत प्रसिद्ध झाली पाहिजेत. निकालानंतर दिलेले स्पष्टीकरण कितीही शास्त्रशुद्ध असले तरी ते सारवासारवीसारखे वाटते.

संधी दिली म्हणून सर्वजण ती घेतातच असेही नाही, याचा एक बोलका दाखला २०२४ च्या नीट परीक्षेत मिळाला. ज्या १,५६३ विद्यार्थ्यांना वाढीव गुण देण्यात आले होते, त्यांचे ते गुण सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर रद्द झाले, आणि मूळ गुण ठेवा किंवा फेरपरीक्षा द्या, असे दोन पर्याय त्यांच्यापुढे आले. २३ जून २०२४ रोजी झालेल्या त्या फेरपरीक्षेला ८१३ जण बसले. उरलेले ७५० बसले नाहीत. त्या ७५० जणांना भित्रे म्हणण्याचे कारण नाही. फेरपरीक्षेने आपले काही साधणार नाही, असा हिशेब त्यांच्यापैकी कित्येकांनी केला असेल. न बसणे हाही एक विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो, हे आपल्या समाजाने मान्य करावयास हवे.

निर्णयाची कसोटी

मग पुन्हा बसावे कोणी? तीन कारणे सबळ मानता येतील. परीक्षेच्या दिवशी आजार, अपघात किंवा यंत्रबिघाड असे काही घडले असेल आणि सरावपरीक्षांतील कामगिरी निकालापेक्षा सातत्याने वरची असेल, तर पुन्हा बसावे. तीन भागांपैकी एकाच भागात घसरण झाली असेल आणि ती उणीव शिकून भरून निघण्याजोगी असेल, तर बसावे. आणि नोकरी चालू ठेवून तयारी करणे शक्य असेल, तर बसण्यात फारसा तोटा नाही. याउलट निकाल सरावपरीक्षांसारखाच आला असेल, तयारीची पद्धत तीच राहणार असेल, किंवा अडथळा जुन्या गुणपत्रिकेचा असेल, तर आणखी एक वर्ष हा उपाय नव्हे. शेजारच्या मुलाला अमुक संस्था मिळाली, हे तर कारणच नव्हे. पण मनीषनगरापासून महालापर्यंत कितीतरी वर्षे याच कारणापायी खर्ची पडतात.

मात्र या विवेकाचा सारा भार बावीस वर्षांच्या तरुणावर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. दुसऱ्या परीक्षेचे शुल्क गरीब विद्यार्थ्यांना माफ असावे. तालुक्याच्या जवळ केंद्र द्यावे आणि निदान काही सत्रे रविवारी ठेवावीत. दोन परीक्षांच्या गुणांचा मेळ कसा घालणार ते आधी सांगावे, आणि दुसऱ्या प्रयत्नाने किती जणांचा क्रम खरोखर सुधारला याचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध करावेत. हे आकडे हाती आले, तर ‘पुन्हा बसावे काय’ या प्रश्नाचे उत्तर शिकवणी वर्गाच्या जाहिरातीत शोधण्याची पाळी पालकांवर येणार नाही.

विद्यापीठाची पदवी हाती असलेल्या तरुणाची परीक्षा घेण्याचा अधिकार समाजाला आहे. ती किती वेळा घ्यावयाची, हे ठरविण्याचा अधिकार मात्र त्याच्या वडिलांच्या उत्पन्नाकडे जाता कामा नये. दोन परीक्षांच्या योजनेचे यशापयश या एकाच कसोटीवर मोजले जाईल.